सुट्टीची हाक

९ नोव्हेंबर १९९८

पोचलो एकदाचे! लासलगावहून सिन्नरच्या डोंगरापर्यंत ट्रकमध्ये कांद्याच्या गोण्यांवर बसून, पुढं पायी. जीवन रस्ताभर गाणी म्हणत होता. (तोंडावर मी नवऱ्याचं नाव घेत नाही, 'अहो'च म्हणते. वहीत मात्र घेणार. वहीला कुठं सासू आहे!) खाणीवर दगड रचून केलेली खोली मिळाली. मागची भिंत डोंगराला टेकलेली, वर पत्रे, खिडकी नाही. जीवन म्हणतो, वर्षभर कळ काढ, मग खिडकीच काय, गच्चीचं घर बांधू. इथल्या काळ्या खडकात पोकळ्या असतात आणि त्यांत काचेसारख्या गारगोट्या, हिरव्या नि गुलाबी. फॉरेनचे लोक त्या शोकेसमध्ये मांडतात म्हणे. खडी फोडायची मजुरी वेगळी आणि गारगोटी सापडली तर खोदणाऱ्याचा वाटा वेगळा. कांद्याच्या बाजारात हमाली करून माझ्या वडिलांची पाठ गेली. इथं निदान नशीब काढायला वाव तरी आहे.

१५ नोव्हेंबर

शेजारच्या गोजराबाई आणि त्यांचे मालक झिपरूदादा सुरगाण्याकडचे. गोजराबाईंनी आज मला इथली रीत शिकवली. गारगोटीसाठी पुरुष खडकात रांगत जाण्याइतपत बीळ खोदतात. आत उजेड-अंधार कळत नाही. म्हणून दिवस कलला की बायका वरच्या कातळावर दगड ठोकतात. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही ना, म्हणून प्रत्येकीची ठोक निराळी. माझी ठरली दोन सावकाश, एक घाईची. जीवन आतून छिन्नीनं तशीच उलट ठोकतो. मग ओरडायचं, "सुट्टी झाली, घरी या!" हाकेशिवाय कोणी वर येत नाही. पहिल्याच दिवशी माझी घाईची ठोक आधी पडली. जीवन वर येऊन म्हणाला, एवढी घाई झाली होती होय? सगळ्या बाया हसल्या, मी लाजून मेले.

२ डिसेंबर

हिरवी सापडली! जीवननं मुठीएवढा तुकडा माझ्यासाठी बाजूला काढला. मग मीही त्याला माझी बातमी सांगितली, की मला दिवस गेलेत. तो दगडाची धूळ लागलेल्या हातांनी डोळे पुसायला लागला. मी म्हटलं, अहो, डोळ्यांत जाईल! उद्यापासून बीळ आणखी आत नेणार म्हणतो. पाळण्याची सोय व्हायला हवी ना.

११ डिसेंबर

बीळ खचलं. जीवन आत.

मुकादम म्हणाला, उकरायला गेलो तर सगळा कडा खाली येईल, आणखी माणसं जातील. अंधार पडेपर्यंत मी कातळावर ठोकत राहिले. उलट ठोक आली नाही.

१४ डिसेंबर

देह नाही म्हणून गवताचा माणूस करून त्याला अग्नी दिला. वडील न्यायला आले होते. मी गेले नाही. तो इथं असताना मी लासलगावला जाऊन काय करू?

२० डिसेंबर

संध्याकाळी सवयीनं दगड ठोकला. उलट ठोक आली.

दोन सावकाश, एक घाईची.

मी रडत, हसत झिपरूदादांना ओढत नेलं. त्यांनी कातळाला कान लावला आणि पांढरे पडून मागं सरले. म्हणाले, "इतके दिस बिनपान्याचा मानूस जगत नाय, पोरी." गोजराबाई म्हणाल्या, त्याला सुट्टी मिळालेली नाही, म्हणून तो काम करतोय. आत मेलेल्याला बायकोनंच सोडवायचं. ठोकून फक्त 'सुट्टी झाली' म्हणायचं. 'घरी या' म्हणायचं नाही. कधीच नाही.

२४ डिसेंबर

नाही म्हणणार. म्हटलं की ठोक थांबेल. मग मला काय उरलं? रोज ठोकते, तो उत्तर देतो. भाकऱ्या दोघांच्या थापते.

३० डिसेंबर

आता कातळावर जावं लागत नाही. ठोक खोलीत येते, चुलीमागच्या भिंतीतून. आज भिंतीचे दोन दगड सरकले.

गोजराबाई रडत म्हणाल्या, "तो घराकडं खोदत येतोय. पोटातल्या लेकराचा तरी इचार कर, पोरी."

जीवन, रागावू नकोस. उद्या सांगेन. नाही, परवा—

३ जानेवारी १९९९

कातळावर गेले. गोजराबाई सोबत होत्या. ठोकलं. उत्तर आलं. "सुट्टी झाली," म्हटलं. तेवढंच म्हणायचं होतं.

जिभेला सवय होती. खोटं कशाला लिहू, सवय नव्हे, जीव तुटला— "घरी या," म्हणाले.

गोजराबाईंनी माझं तोंड दाबलं. उशीर झाला होता.

ठोक थांबलीय.

४ जानेवारी

दिवस कलला. सगळे खाण सोडून चाललेत. जीप खाली उभी आहे. गोजराबाई हाका मारतायत, "मनीषा, ये गं, ये लवकर—"

बाहेर पावलं.

हातोडा-छिन्नी दाराशी ठेवली. तो ठेवायचा तशीच, हळूच.

रांजणातलं पाणी. पाय धुतोय. किती वेळ धुतोय— धूळ जात नसेल—

जीप निघाली.

त्याला कुणी सांगितलंच नाही की तो—

मी कसं सांगू. पाळणा करायचाय त्याला.

दारावर ठोक. सावकाश. सावकाश.

घाईची पडत नाही. माझ्यासाठी ठेवलीय.

भाकरी गरमच आहे. थांबा हो, आले, आले मी—