सरकन उतरतं तेच खरं अन्न

६ जानेवारी, मंगळवार. सकाळ.
वजन २५१ पौंड. काल २५१. नाताळातही २५१. काटा बिघडलाय यात आता शंका नाही.

ऑपरेशन झालं जूनमध्ये. पोट कापून केळ्याएवढं ठेवलं. सुरुवातीला वजन असं भराभर उतरलं की चालता चालता पॅन्ट घसरायची. नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सणापासून मात्र जागचं हललेलं नाही. आणि मला जायचंय २३० च्या खाली. हौस म्हणून नव्हे. धाकट्या भावाच्या, फ्लोरियनच्या, दोन्ही किडन्या गेल्या. आठवड्यातून तीनदा मशीनवर जाऊन पडतो. माझी किडनी त्याला छान जुळते, पण हॉस्पिटलवाले म्हणतात, एवढ्या वजनाच्या माणसाची काढत नाही, उतरवून या. म्हणून पोट कापून घेतलं. भावासाठी पोट कापून घेणारा दुसरा माणूस माझ्या तरी पाहण्यात नाही.

संकल्प: ईस्टरपर्यंत २२९.

आर्डिसला काट्याचं सांगितलं. माझी बायको असून म्हणाली, काटा ठीक आहे, माझं वजन बरोबर कमी दाखवतो. म्हणजे काटा पक्षपातीही आहे.

९ जानेवारी.
प्रोटीनचं पेय. डब्यावर व्हॅनिला लिहिलंय. ज्याने लिहिलं त्याने जन्मात व्हॅनिला चाखलेला नाही. ओल्या पुठ्ठ्याचा वास, आणि प्यायल्यावर जिभेवर खडूचा थर. शी.

दुपारी कोंबडीचा तुकडा. नीट चावला. तरी छातीत जाऊन बसला. मग तोंडाला फेस. वीस मिनिटं सिंकवर वाकून उभा, तोंडातून साबणासारखं बुडबुड. आर्डिस चालायला निघाली होती, या असल्या थंडीत. दारातून म्हणाली, नॉर्ब, घास लहान घे रे. घास माझ्या नखाएवढा होता. फार तर अंगठ्याच्या. बरं, अंगठ्याएवढा.

१२ जानेवारी. महत्त्वाचं.
आज शोध लागला.

हार्डवेअरच्या दुकानातून येताना कस्टर्डच्या, म्हणजे आमच्याकडच्या दाट आइस्क्रीमच्या, दुकानाजवळ सिग्नल लागला. पाटीवर आजचा फ्लेवर: कॅरॅमल काजू. मिलवॉकीत वाढलेल्या माणसाने ती पाटी वाचून सरळ निघून जायचं, हे निसर्गाविरुद्ध आहे. लहान कप घेतला. सरकन खाली. छातीत काही नाही, फेस नाही, काही नाही. मध्यम कप घेतला. तोही सरकन.

गाडीत बसून विचार केला. कोंबडी अडकते. कस्टर्ड अडकत नाही. म्हणजे नवं पोट स्वतःच सांगतंय. जे त्याला नको ते ते अडवतं, जे मानवतं ते आत घेतं. पोटाला जे कळतं ते डॉक्टरांना कसं कळणार, ते पोटात थोडेच राहतात. शिवाय फ्रोझन कस्टर्डमध्ये अंडी असतात. अंडं म्हणजे प्रोटीन. ‘आधी प्रोटीन खा’ असं हॉस्पिटलच्या कागदावर पहिल्याच ओळीत छापलंय.

१९ जानेवारी.
आहारतज्ज्ञ टेसाकडे. काडीएवढी पोरगी. म्हणाली, वजन अधूनमधून अडून बसतं, घाबरू नका, फक्त मांस आधी, भाज्या मग, जेवताना पाणी नको. आणि मधल्या वेळात काय खाता? मी म्हणालो, दूध आणि अंडी. खूश झाली. यात खोटं एक अक्षर नाही.

तिच्या टेबलावर प्लॅस्टिकची चरबी ठेवलेली असते, पिवळी, गुठळ्या गुठळ्यांची, पाच पौंडांची. बघून ओकारी आली. चव गेली तोंडाची. ती परत आणण्यासाठी येताना थांबावं लागलं.

२७ जानेवारी.
हॉस्पिटलच्या तळघरात पोट कापलेल्यांची सभा. लोखंडी खुर्च्या, कॉफी नाही, सगळ्यांच्या हातात पाण्याच्या बाटल्या, आणि सगळे घोटघोट चोखत बसलेले. बघवत नाही. डोरीन नावाची बाई रडली. म्हणे आइस्क्रीम, चीज सॉस, चिप्सचा चुरा, जे जे मऊ ते ते सरकन उतरतं आणि वजन तिथेच अडतं. दिवसभर थोडं थोडं खाते म्हणे. बिचारी. काही लोकांना आतून शिस्तच नसते.

माझी पाळी आली तेव्हा मी किडनीचं सांगितलं. टाळ्या पडल्या. डोरीनने माझा हात हातात घेतला. तिचा हात ओलसर होता.

१७ फेब्रुवारी. उपासाच्या महिन्याआधीचा मंगळवार.
पोंचकीचा, म्हणजे आत सारण भरलेल्या तळलेल्या गोड पावांचा, दिवस. उद्यापासून चाळीस दिवस गोडाला रजा, म्हणून आज घरातलं तूप, साखर, मैदा संपवून टाकायचा, अशी आम्हा पोलिश लोकांची जुनी रीत. आता घरातला कोणी संपवत नाही, बेकरीतून विकत आणून संपवतात. रांगेत उभा राहून डझनाचं खोकं घेतलं. माझ्यासाठी नव्हे. फ्लोरियनसाठी.

फ्लोरियन नुकताच मशीनवरून आला होता. रंग राखेसारखा झालाय. हात पुढे केला तर दंडावर मशीन जोडायची ती फुगलेली शीर. मनगट लहान पोराएवढं वाटलं. म्हणाला, नॉर्बी, वेड्या, मला मनुका चालत नाहीत, चॉकलेट चालत नाही, तू खोकंभर घेऊन आलास? मग माझं मन राखायला एक कोपरा खाल्ला. वजनाचं विचारलंन. मी म्हणालो, आता हललंच बघ. तो म्हणाला, घाई नको करूस, माझं काय, मशीनवर पडून सगळ्या मॅचेस बघायला मिळतात.

त्याच्याकडे बघवेना. म्हणून खोक्याकडे बघत राहिलो. मनुकांचं सारण फारच मऊ होतं.

२० फेब्रुवारी, शुक्रवार.
चर्चच्या हॉलमध्ये मासे. उपासाच्या शुक्रवारी मांस नाही, त्यामुळे तळलेला मासा, बटाट्याचे घावन, वर सफरचंदाचा शिजवलेला गर, राय ब्रेड. मी माशाचं तळलेलं कवच सोलून बाजूला काढलं. मासा तेवढा खाल्ला. दोन घास आणि अडकला. थांबलो. मग बाजूचं कवच दिसलं. अन्न टाकणं वाईट, तेही चर्चमध्ये. सफरचंदाच्या गरात बुडवलं तर मऊ होतं आणि छान उतरतं.

फादर झिगी ताटं मोजत फिरत होते. म्हणाले, नॉर्बर्ट, हे तिसरं की काय रे? मी म्हणालो, फादर, यंदा ताटं लहान काढलीत.

३ मार्च.
नवा काटा आणला. २५४. तीन पौंडांची चूक, तीही नव्या कोऱ्या वस्तूत! आजकाल काही धड बनत नाही. जुना काटा परत वर काढला. तो निदान प्रामाणिक होता. जुन्यावर २५५.

९ मार्च.
सगळं स्पष्ट झालं. सर्जनने पोट मोठं ठेवलंय. केळ्याएवढं म्हणाला होता, पण केळी काय सगळी सारखी असतात? फोन करून तपासणी मागितली. आवाज चढवला. चूक त्यांची आणि खोळंबा माझ्या भावाचा.

आर्डिस आज पुन्हा दिवसभर बाहेर. तिची हल्ली बहिणीकडे फार ये-जा. कोपराच्या आत निळं पडलेलं दिसलं. म्हणाली, रक्त दिलं. चांगलं आहे. आमच्या घरातच दानाची हवा आहे.

१८ मार्च.
तपासणी. पांढरं दाट द्रव प्यायला देतात आणि ते खाली जाताना पडद्यावर बघतात. चव प्रोटीनच्या पेयापेक्षा बरी.

सर्जन पडद्यासमोर उभा राहून म्हणाला, वा. म्हणाला, हे पोट मी विद्यार्थ्यांना दाखवीन, इतकं सुरेख आहे. मी म्हणालो, मग वजन का अडलंय? त्याने विचारलं, तुम्हाला काय खाली उतरतं? आता संधी मिळाली म्हणून मी त्याला माझा शोध नीट समजावून सांगितला. पोट कसं निवड करतं, काय अडवतं, काय आत घेतं. त्याने पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाला, मिस्टर गापिन्स्की, अडकणं हाच तर इलाज आहे. घट्ट खाल्लं की पोट भरतं आणि तुम्ही थांबता. पातळ कधी थांबतच नाही, त्या केळ्यातून तुम्ही आख्खी बादली ओतू शकता. नर्सने तोंड फिरवलं. तिचे खांदे हलत होते.

किळस आली. त्यांची, नर्सची, पांढऱ्या द्रवाची. आठ महिने लागले यांना एवढं साधं सांगायला? कागदावर पाचव्या पानावर छापलंय म्हणे. पाचव्या पानावर!

संकल्प: उद्यापासून फक्त घट्ट. आजचा फ्लेवर बटर पेकन होता. तो निरोपाचा.

२६ मार्च.
कोंबडी. टर्की. कोंबडी. अंडं, उकडलेलं, रबरासारखं. दोनदा फेस. जेवणाचा वीट आलाय. पण काटा २५२! म्हणजे जमतंय. म्हणजे मला जमतं, एवढं सिद्ध झालं. सिद्ध झाल्यावर तेच तेच सिद्ध करत बसण्यात अर्थ नसतो. एक लहान कप घेतला.

३१ मार्च. आनंद!
फ्लोरियनचा फोन. आवाज फुटत होता त्याचा. म्हणाला, नॉर्बी, तारीख मिळाली, चौदा एप्रिल. तुमच्या घराचे उपकार कसे फेडू मी? आणि ढसाढसा रडायला लागला. मी म्हणालो, वेड्या, भावात कसले उपकार. तो म्हणाला, हो, तुझेही.

अखेर नियम सैल केला त्यांनी. मला वाटलंच होतं. माणसाची तळमळ बघतात शेवटी, काटा नाही. माझ्याशी आधी बोलले नाहीत हे चुकलंच, पण हॉस्पिटलांचा कारभार असाच असतो.

सभेत सांगितलं. सगळे उभे राहिले. ऑपरेशनला ताकद लागणार, म्हणून आता खाण्यावर फार बंधन ठेवणं शहाणपणाचं नाही.

५ एप्रिल. ईस्टर.
जेवणानंतर बॅग भरायला घेतली. सपाता, दाढीचं सामान, आर्डिसने दिलेला जाड झगा. आर्डिस पलीकडे तिची बॅग भरत होती. म्हणालो, तू कशाला, तुला काय हॉस्पिटलात राहू देणार आहेत? ती पलंगावर बसली. म्हणाली, नॉर्ब, माझी घेतायत.

मला कळेना. म्हणालो, काय घेतायत?

जानेवारीपासून तपासण्या चालल्या होत्या म्हणे. तिचा रक्तगट कोणालाही चालतो म्हणे. तिचं थोडं वजन जास्त भरलं तर डॉक्टर म्हणाले चाला, तर चालली आणि उतरवलं. एवढंच केलं तिने. बहीण वगैरे काही नाही. फ्लोरियनला वाटलं, तिने मला सांगितलंय. ती रोज सांगणार होती.

मी ओरडलो. म्हणालो, नवऱ्याला सांगायची पद्धत असते की नाही? ती म्हणाली, तुला सांगितलं असतं तर तू दुःखाने खाल्लं असतंस. नाही सांगितलं तर आशेने खातोस. म्हटलं, आशेने तरी खा.

मग माझ्या बॅगेतून तो झगा काढून स्वतःच्या बॅगेत ठेवला. म्हणाली, मला हा हवाच होता, तिथे गार असतं.

१४ एप्रिल, मंगळवार. दुपार. हॉस्पिटलची प्रतीक्षा खोली.
वजन केलं नाही.

पहाटे दोघांना गाडीतून आणलं. आर्डिस पुढे, फ्लोरियन मागे. दोघेही उपाशी, आणि हसत होते. कशावर ते मला कळलं नाही. आत नेण्याआधी फ्लोरियन म्हणाला, नॉर्बी, तू माझ्यासाठी पोट कापून घेतलंस, ते कोण करतं रे. मला वाटलं जमीन फाटावी. आर्डिसने गालावर हात ठेवला आणि म्हणाली, फ्रीजमध्ये टर्की आहे, लहान घास घे.

तिला चाकाच्या पलंगावरून नेलं तेव्हा ती किती लहान दिसत होती. इतके दिवस मी काट्याकडेच बघत होतो.

किडनीचा सर्जन आत्ताच येऊन गेला. दोघंही ठीक. किडनी जोडताक्षणी टेबलावरच काम करायला लागली म्हणे. मला रडू आलं. आधी आनंदाचं होतं. नंतर कसलं होतं ते माहीत आहे, पण लिहीत नाही.

शेजारी एक म्हातारी बाई विणत बसलीय. तिने विचारलं, आत कोण आहे तुमचं? मी म्हणालो, माझी बायको. ती माझ्या भावाला किडनी देतेय. तिने विणकाम खाली ठेवलं. म्हणाली, देवमाणूस आहे हो तुमची बायको. आणि मग सहजच विचारलं, तुम्ही?

मी म्हणालो, मी त्यांना गाडी चालवत आणलं.