झांजेचा चौथा ठोका

जळगाव,
दि. २ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. नूतन हिस,
अ. आ.

येथील सर्व क्षेम. तुझेही क्षेम असेलच, कारण दुसऱ्याच्या वस्तूची नासाडी करणाऱ्यांची तब्येत सहसा ठणठणीत असते.

भाऊबीजेला तू ओवाळलेस आणि जाताना ‘खुर्चीवाली’ माझ्या हाती ठेवलीस. इंग्रजी वाचता येत नसल्यामुळे आबांनी कव्हरावरच्या रिकाम्या खुर्चीवरून जिचे बारसे केले, तीच रेकॉर्ड. आज रविवार. सकाळी स्पीकर भिंतीपासून दीड हात पुढे ओढले, सुई पुसली आणि दुसरी बाजू लावली. नूतन, काय केले आहेस तू तिचे? गिटार आहे, गाणाऱ्याचा घसा आहे, ढोल तर छातीत बसतो. झांज नाही. दुसऱ्या गाण्यात सगळी वाद्ये थांबून झांजेचे चार ठोके एकटेच पडतात ना, तिथे आता काहीच नाही. खरखरसुद्धा नाही.

झीज आधी वरच्या सुरांना लागते. खालचे सूर शेवटपर्यंत टिकतात. घासलेली सुई लावून तू सहा महिने वरचे सूर खरवडून काढलेस आणि खालचा चोथा मला परत केलास. शाळेत पोरींना ध्वनीचा धडा शिकवणाऱ्या बाईकडून ही अपेक्षा नव्हती.

१९८७ साली भुसावळच्या रेल्वे कॉलनीतले गार्डसाहेब देश सोडून निघाले, तेव्हा आपण दोघांनी निम्मी-निम्मी वर्गणी काढून त्यांच्याकडून ही रेकॉर्ड घेतली. तुझे लग्न झाल्यापासून तिची कुळाच्या देवासारखी पाळी चालत आली: वैशाखात आखाजीला तू माहेरी आलीस की न्यायची, भाऊबीजेला परत आणायची. ती पाळी मी आज मोडतो. आखाजीला ये, सांजोऱ्या खा, झोका घे. रेकॉर्ड मागू नकोस.

ड्रमवाला चौथा ठोका उशिरा देतो कारण त्याला डुलकी लागली होती, हे माझे मत कायम आहे. आता मात्र तपासायला ठोकाच उरलेला नाही.

कळावे. आशीर्वाद रीतीपुरते.
भूपेंद्र


धुळे,
दि. ९ नोव्हेंबर २०२५

ती. भूपेंद्रभाऊ यांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचले. वाचून डोके उठले. ते उतरावे म्हणून दोन दिवस थांबले, पण उतरले नाही.

माझी सुई श्रावणात नवीन बसवलेली आहे. टर्नटेबलला मी घरात कोणाला हात लावू देत नाही. यांनी एकदा त्यावर वर्तमानपत्र ठेवले, तर आठवडाभर मी त्यांच्याशी बोलले नव्हते. नासाडीचे विचारायचे असेल तर आरशात बघून विचार. पस्तीस वर्षे डाळ मिलमध्ये सुपरवायझरकी केलीस, संध्याकाळी तुरीची पावडर अंगावर घेऊन घरी आलास आणि त्याच हातांनी रेकॉर्डी काढल्यास. कपाटाएवढे स्पीकर आणि माळ्याएवढा अॅम्प्लिफायर जमवला म्हणजे ऐकणे येते असे नाही. तुला ऐकायला कधी आवडलेच नाही, तुला स्पीकर सरकवायला आवडते.

मतांचे तर काय बोलावे. त्या बँडच्या पहिल्या दोन रेकॉर्डी तेवढ्या खऱ्या आणि पियानो आल्यापासून ते लग्नात वाजवायला लागले, हे तुझे सगळ्या खान्देशाला ऐकवून झाले. अरे, पियानो आला म्हणून तर ते शहाणे झाले. आणि चौथा ठोका मुद्दाम उशिरा आहे. ड्रमवाला थांबतो. थांबणे आणि झोपणे यातला फरक कळायला अॅम्प्लिफायर लागत नाही.

पत्र आले त्या दिवशी तुला चार वेळा फोन केला. चौथ्यांदा उचललास. मी विचारले की बाकीच्या रेकॉर्डी कशा वाजतात, तर ‘हो हो’ म्हणून ठेवून दिलास. हे काय उत्तर झाले? थोरला आहेस म्हणून वाट्टेल तसे वागायचे?

वहिनींना नमस्कार. त्यांचा काही दोष नाही.
तुझी (नाइलाजाने) बहीण,
नूतन


जळगाव,
दि. १८ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. नूतन हिस,
अ. आ.

यापुढे फोन करू नकोस. मोबाइलवाल्यांनी आवाजाची वाट लावली आहे, आणि तू बोलताना शब्द फिरवतेस. जे असेल ते लेखी असू दे. पुरावा राहतो.

बाकीच्या रेकॉर्डींचे विचारतेस. ‘निळा घोडा’ही दबका वाटतो. पण तोही २०१९ मध्ये तूच नेला होतास, तेव्हा त्यात नवल ते काय! नासीरभाईला बोलावून स्पीकर उघडून घेतले. झांजेचा आवाज ज्या लहान स्पीकरमधून येतो, तो शाबूत असल्याचे त्याने सांगितले. बरोबर वाजतोय, भूपेंद्रभाऊ, असे पुन्हा पुन्हा म्हणत होता आणि माझ्याकडे विचित्र नजरेने बघत होता. जळगावात अॅम्प्लिफायर दुरुस्त करणारा तेवढा एकच उरला आहे, पण आता त्याचेही वय झाले. तारा बदलल्या. नवीन हेडफोन आणला, तोही गोधडीखालून वाजल्यासारखा वाजतो. हल्ली चांगला माल कोणी बनवतच नाही.

म्हणून ‘खुर्चीवाली’ आज एसटी पार्सलने पाठवतो आहे. दोन पुठ्ठ्यांमध्ये बांधली आहे, उभी ठेव. तुझ्या त्या आगपेटीएवढ्या स्पीकरवर लाव, स्वतःच्या कानांनी ऐक आणि गुन्हा लेखी कबूल कर. तुझ्या कबुलीशिवाय मला काही नको.

कळावे. उत्तराची वाट पाहतो.
भूपेंद्र


धुळे,
दि. ३० नोव्हेंबर २०२५

ती. भूपेंद्रभाऊ यांस,
सा. न. वि. वि.

पार्सल मिळाले. ऐकले. एकटीने नव्हे, शाळेतल्या संगीताच्या रूपाबाईंना साक्षीला बसवून ऐकले.

सगळे ठोके जागच्या जागी आहेत. एक, दोन, तीन, आणि उशिराने चौथा. रूपाबाईंना रॉकचे काडीचे वेड नाही, पण झांज ऐकू येते का म्हणून विचारल्यावर त्या म्हणाल्या की ही तर कानात घुसते आहे. त्यांच्याकडून तसे लिहून घेतले आहे. कागद सोबत जोडते. पुरावा हवा होता ना?

आता मला एकच अर्थ दिसतो. तुला रेकॉर्ड कायमची ठेवून घ्यायची होती. सरळ मागायची लाज वाटली, म्हणून तू मला गुन्हेगार केलेस. भाऊ, तू मागितली असतीस तर मी रडले असते, पण दिली असती. आता देणार नाही. रेकॉर्ड धुळ्यातच राहील.

आणि आखाजीला मी येणार नाही. लग्नाला बत्तीस वर्षे झाली, एकही आखाजी चुकवली नाही. आई गेली त्या वर्षीसुद्धा आले होते. येत्या वर्षी झोका दुसऱ्या कोणासाठी बांध.

नूतन


जळगाव,
दि. ६ डिसेंबर २०२५

सौ. नूतनताईंस,
स. न. वि. वि.

यांना न सांगता लिहिते आहे. तुमचे पत्र आल्यापासून घरात एक गाणे लागलेले नाही. यांनी ते वाचले, घडी घातली आणि टर्नटेबलवर कापड टाकून दिले. कापड टाकलेले मी आजवर पाहिले नव्हते.

तुमच्या त्या धडाडधूममधले मला काही कळत नाही. कोण खरे कोण खोटे तेही माहीत नाही. पण आखाजीला येणार नाही असे लिहू नका हो ताई. मी एरंडोलला माहेरी जायचे सोडून दर वर्षी तुमच्यासाठी थांबते.

दुसरे एक कोणाला तरी सांगायचे होते. यांनी या वर्षात कुकरच्या तीन शिट्ट्या बदलल्या. वाजतच नाहीत म्हणतात. त्या चांगल्या वाजतात. समोरच्या भिकुबाई परवा दारात येऊन बोलल्या, की बठ्ठी गल्लीले शिट्टी ऐकू येस, भूपेंद्रभाऊलेच कशी येत नही. दाराची बेल बदलली. गजराचे घड्याळ दुकानदाराच्या तोंडावर फेकून आले. या वर्षी पाखरे कुठे गेली, असे विचारत होते. अंगणात चिमण्यांचा नुसता गोंगाट चालला होता, ताई.

मला वाटते यांना कमी ऐकू येते. तसे म्हटले तर अंगावर येतात. मिलमधल्या जुन्या माणसांना बहुतेकांना असाच त्रास आहे म्हणे. तुमचे ऐकतील. तुमच्याशी भांडतात म्हणजे तुम्हाला मानतात.

मुलांना आशीर्वाद. पत्र वाचून फाडून टाका.
तुमची वहिनी,
ज्योती


धुळे,
दि. १४ डिसेंबर २०२५

ती. स्व. भाऊ यांस,
शि. सा. न. वि. वि.

मागच्या पत्रात रागाच्या भरात फार लिहून गेले. क्षमा कर. रेकॉर्ड पुन्हा शांतपणे ऐकली. तुझे म्हणणे बरोबर आहे. झांज गेलीच आहे. माझी सुई जुनी होती, ती बदलायची राहून गेली. चूक सर्वस्वी माझी.

ड्रमवाल्याबद्दलही तू म्हणतोस तसेच असेल. त्याला डुलकी लागली असेल.

आखाजीला नक्की येईन. तब्येतीला जप. जमल्यास एकदा सगळ्या तपासण्या करून घे.

तुझी लहान बहीण,
नूतन


जळगाव,
दि. २२ डिसेंबर २०२५

चि. सौ. नूतन हिस,
अ. आ.

तुझे कबुलीपत्र तीनदा वाचले.

सातवीत असताना तू शेजाऱ्यांच्या मांजरावर शाईची दौत सांडलीस आणि मांजर मुळातच निळे होते असे शेवटपर्यंत सांगत राहिलीस. आबांचा मार खाल्लास, पण मांजर निळेच. अशी तू, नवीन सुईला जुनी म्हणतेस? वर ड्रमवाल्याला डुलकी लागली असेल म्हणतेस? त्या ओळीवर आलो आणि सगळे कळले. तुला कोणीतरी सांगितले आहे. कोणी ते मला माहीत आहे, तिला मी काही बोललेलो नाही.

ऐक मग. आषाढात मी एकटाच कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. त्यांनी कागदावर एक रेघ दाखवली. डावीकडे बरी चालते आणि उजवीकडे पायऱ्या नसलेल्या विहिरीसारखी खाली जाते. झीज आधी वरच्या सुरांना लागते, खालचे शेवटपर्यंत टिकतात, असे ते म्हणाले. तुला लिहिलेले वाक्य त्यांचे होते. मशीन लावा म्हणाले. रिपोर्ट मी टर्नटेबलच्या एका पायाखाली सारून ठेवला. तो पाय तसाही आखूड होता.

नंतर भाऊबीजेला रेकॉर्ड आली. ती लावली आणि झांज नव्हती. तेव्हा मी देवाकडे एकच मागणे मागितले, की नूतनची सुई खराब असू दे. तुझी सुई खराब असली तर डॉक्टर चुकले. म्हणून तुला जे जे लिहिले ते मनापासून लिहिले. तू उलटून भांडत होतीस तोवर बरे होते. दोघांपैकी कोणीतरी चूक होते आणि ते मीच असे ठरलेले नव्हते. तू माघार घेतलीस आणि ठरले.

कीव केलीस, हे मला आवडले नाही. त्यापेक्षा चोर म्हणालीस ते चांगले होते.

रेकॉर्ड तुझ्याकडेच राहू दे. मशीन मी लावणार नाही. कानात बोंडे खुपसून गाणी ऐकणाऱ्यांना जन्मभर हसलो, आता या वयात त्यांच्या रांगेत उभा राहू? स्पीकर नासीरभाईला देऊन टाकतो.

इति.
भूपेंद्र


धुळे,
दि. २८ डिसेंबर २०२५

ती. भाऊ,
नमस्कार. या वेळी फक्त नमस्कार, शिरसाष्टांग नाही.

मागचे पत्र मी परत घेते. सुई नवीनच होती. मांजरही निळेच होते.

रिपोर्ट टर्नटेबलखाली घालून तू मला सहा आठवडे गुन्हेगार म्हणत राहिलास. हे मी विसरणार नाही आणि तुलाही विसरू देणार नाही. त्याहून जास्त राग मला माझाच आला आहे. तुझ्या पहिल्याच पत्रात लिहिले होते की तिथे खरखरसुद्धा नाही. रेकॉर्ड झिजली की खरखर वाढते, कमी होत नाही. हे मी दर वर्षी नववीच्या वर्गात सांगते आणि घरच्या पत्रात मला ते दिसले नाही. हे ध्यानात आले त्या दिवशी फळ्यासमोर उभी होते आणि डोळ्यांत पाणी आले, म्हणून पोरींना खडूची पूड गेली असे सांगितले.

कीव बिव काही नाही. आज सकाळी दुसरी बाजू पुन्हा लावली. काय ऐकू आले ते सांगते. तीन ठोके सरळ पडतात. मग काहीच नाही. मग गाणारा श्वास घेतो, अगदी बारीक, आणि त्या श्वासाच्या टोकावर चौथा ठोका पडतो. ड्रमवाला त्या श्वासासाठी थांबलेला असतो. झोपलेला माणूस कोणाच्या श्वासासाठी थांबत नाही. म्हणजे मी अडतीस वर्षे बरोबर होते आणि तू अडतीस वर्षे चूक होतास. आता तुला तपासताही येत नाही, म्हणून मी म्हणेन तेच खरे. नासीरभाईला सांगणार, वहिनींना सांगणार, भिकुबाईंना त्यांच्या भाषेत सांगणार. आणि पियानोबद्दलही माझेच खरे, हे त्यांना सांगणार.

स्पीकर कोणाला देऊ नकोस. आखाजीला ‘खुर्चीवाली’ घेऊन येते आहे. या खेपेला पाळी उलटी, ती जळगावात राहील. मला खोटे पाडायचे असेल तर कानात मशीन घालून बस. नाहीतर माझे खरे धरून चाल, जन्मभर.

टर्नटेबलचा पाय आखूड आहे, त्याखाली लाकडाची चकती लाव. रिपोर्ट काढून वहिनींच्या हातात दे.

लोभ आहेच. भांडण वाढावे.
नूतन