दोनाचे दोनच

ता. ४ जून

चि. ठकूस अ. उ. आ.

चष्म्याच्या दुकानात लागलीस, छान झालं. वजाबाकी आली की शाळेत तुझं पोट दुखायचं, आणि आता दिवसभर प्लस-मायनस! भोग आता.

माझे डोळे ठणठणीत. तीन वर्षांपूर्वी नंबर दोन होता, काल मशीनवर काढला तर दोनच. तेव्हा प्लस होता, आता मायनस म्हणे. असेना का, दोनाचे दोनच. उलट सुईत दोरा आता चष्म्याशिवाय ओवते. लांबचं धुरकट दिसतं, दिव्याभोवती कडं दिसतं. पण शिंपिणीला लांबचं काय करायचंय? लोभ आहे तसा असू दे.

तुझी आत्या

ता. ११ जून

ती. आत्यास सा. न.

तुझं पत्र वाचून मीही म्हटलं, दोनातून दोन गेले, फरक शून्य. मालकीणबाईंना तसं सांगितलं तर त्यांनी कपाळाला हात लावला आणि काचांची पेटी पुढ्यात सरकवली. प्लस दोनची काच डोळ्यासमोर हलवली की खिडकीचा गज उलटा पळतो. तिच्यावर मायनस दोनची धरली की गज जागचा हलत नाही. म्हणजे दोन घालवून आपण नुसते शून्यावर आलो! प्लस दोनवर मायनस चारची धरली, तेव्हा कुठे मायनस दोन झाला.

आत्या, फरक चाराचा आहे. बाई म्हणतात, या वयात नंबर एवढा सरकला तर बहुधा मोतीबिंदू, आणि जवळचं दिसायला लागतं ते त्याचंच सोंग. डॉक्टरांना दाखव ग. राग धरू नकोस.

तुझी ठकू

ता. १८ जून

चि. ठकूस अ. उ. आ.

कालची पोर तू, चार दिवस दुकानात बसलीस आणि मला शिकवतेस? मोतीबिंदू म्हाताऱ्यांना होतो. डोळ्याला कुणी हात लावला आणि बिघडलं, तर मी खाऊ काय? पुन्हा हा विषय नको.

आत्या

ता. २४ जून

ती. आत्यास सा. न.

चिडलीस तर चीड. चूक निघावी म्हणून मी तेच गणित पुन्हा पुन्हा केलं, चारच येतात. मला भीती वाटते. रविवारी येते आणि तुला डॉक्टरांकडे नेते. लोभ असो वा नसो.

ठकू

ता. २० जुलै

चि. ठकूस अ. उ. आ.

डाव्या डोळ्याची पट्टी निघाली, उजवा पुढच्या महिन्यात. मोतीबिंदूच होता, तुझे चार बरोबर.

काल शेजारीण भेटायला आली, मी यंदा शिवलेला काळा कोट घालून. ठकू, काळा समजून मी घेतलेला दोरा निळा, अख्खी शिवण गडद निळ्या दोऱ्याची! मी तिची बाहीच धरली. म्हणाली, दिसलं होतं, पण तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही. समोरच्या मास्तरांची पँटही तशीच निघाली. वर्षभर सगळे तसेच कपडे घालून हिंडतायत, आणि एकानंही शब्द काढला नाही. चांगली माणसं ग, पण त्यांच्या चांगुलपणानं मी आंधळी झाले असते. तू तेवढी भांडलीस.

अशीच भांडत जा.

तुझी आत्या