काढणावळ

३ मार्च, सोमवार

बावन्न शिलिंग गेले. परत. गिऱ्हाइकं मासा खातात नि पैसे फोनवर टाकतात. ते नोटांत हवे असले की समोरच्या पैसे काढायच्या खिडकीतला ओमोलो काढणावळ कापतो — दोन हजारांवर एकोणतीस, तीन हजारांवर बावन्न. रोज! त्याला म्हटलं, "धूर तू गिळलास का? मासा तू तळलास का?" म्हणे, "मावशी, कापते कंपनी, शिव्या खातो मी."

५ मार्च

आपोंडीचा फोन नाही. चार महिने झाले. नोव्हेंबरात नैरोबीहून दोन हजार पाठवले तिने. नुसते दोन हजार, वरचे एकोणतीस नाहीत. पैसे पाठवताना काढणावळ वर घालायची, ही रीत इथे शेरडं राखणाऱ्यालाही ठाऊक आहे. मी फोन करून सांगितलं — "बापासारखीच तू. द्यायचं ते अपुरं." ती म्हणाली, "आई, माझ्याकडे तेवढेच होते." आणि फोन ठेवला.

मी काही खोटं बोलले नव्हते. पोटच्या पोरीने रीत सोडली तर परक्याने काय करावं?

६ मार्च

फोन नाही. मीही करणार नाही.

१० मार्च

शेजारी सुकट विकते ती रिस्पा म्हणाली, गिऱ्हाइकांचे पैसे घ्यायला दुकानाचा वेगळा नंबर घे. बँकेचा माणूस आला, गळ्यात टाय, घामाने निथळत. "आमच्याकडे काढणावळ शून्य, आई." बँक कुठे? मोठ्या गावात. मोटरसायकलचे जाऊन-येऊन दोनशे. हे त्याचं शून्य.

फोन कंपनीच्या दुकान-नंबराचं असं — एका वेळी दोनशेपर्यंत आले तर काही कापत नाहीत, वर गेलं की शेकड्याला अर्धा शिलिंग. तीन हजारांचे पंधरा. बावन्नापेक्षा पंधरा बरे. शाळा चौथीत सुटली, पण एवढं कळतं.

"आणि नोटा काढतेसच कशाला?" रिस्पा म्हणाली. "होडीवाल्याला मासळीचे पैसे फोनवरूनच दे." खरंय. ही अक्कल मला आधी का नाही आली, याचाच राग आला.

१४ मार्च

नंबर मिळाला. अर्जात जवळच्या माणसाचं नाव विचारलं होतं. आपोंडी लिहिलं. दुसरं कोण लिहिणार?

१७ मार्च

पाटी रंगवली. नंबर मोठा, रस्त्याकडे तोंड. रंगाऱ्याने तीनशे घेतले. नोटांतच हवे म्हणाला, लबाड.

१८ मार्च

मासा नि उगाली, मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, मिळून अडीचशेला. म्हणजे सव्वा शिलिंग कापणार. मी डोकं चालवलं — मासा दीडशे, उगाली शंभर, दोनदा पाठवा. काही कापायला नको.

शाळेतला मास्तर रोज जेवायला येतो, तो म्हणाला, "मावशी, उद्या काट्यांचे वेगळे लावशील."

म्हटलं, "काटे फुकट. घशात अडकले तर तुझं नशीब."

मागचे तिघे मात्र दोनदा पाठवायचं ऐकून पलीकडच्या खानावळीत गेले. साडेसातशे गेले. रिस्पा बघत होती. "सव्वा शिलिंगासाठी गिऱ्हाइकं घालवलीस. पोरीचंही असंच केलंस."

"तू तुझी सुकट बघ," म्हटलं. संध्याकाळपासून पुन्हा अडीचशे, एकदाच.

२१ मार्च

आज मीच लावला आपोंडीला. वाजून वाजून बंद झाला.

२२ मार्च, शनिवार

दुपारी ऐन गर्दीत दुकानाच्या फोनवर निरोप आला. एकोणतीस शिलिंग मिळाले. पाठवणाऱ्याचं नाव, आपोंडी.

हा नंबर पाटीशिवाय कुठेच नाही. पिठाच्या हातांनी बाहेर धावले. रस्ता रिकामा. ओमोलो खिडकीतून म्हणाला, "निळ्या झग्यातली मुलगी ना? बराच वेळ पाटीसमोर उभी होती. आत्ताच नैरोबीची बस धरली."

दोनशेच्या आतली रक्कम. काही कापलं नाही. पूर्ण आले.