एकाच रंगाची पंजी

तीर्थरूप मामांस,

साष्टांग नमस्कार. (साष्टांग म्हणण्यापुरतं. दिवसभर वाकून कापड कापल्यावर माझी कंबर आठांपैकी दोनच अंगांना परवानगी देते.) मामींचा गुडघा कसा आहे? 'तिचा गुडघा तिच्यासारखाच आहे' असं तुम्ही मागच्या पत्रात लिहिलं होतं. त्यावरून तो ऐकत नाही एवढंच कळलं. आमच्याकडे सगळं ठीक. पत्राला कारण तुमचा सल्ला. तो मी तंतोतंत पाळला आणि हरलो. तक्रार करत नाही. घडलं ते लिहितो, तक्रार आपोआप होईल.

शिवणखोलीतलं खिडकीखालचं टेबल रिकामं झाल्याचं कळवलंच होतं. कोट कापणारे बुजुर्ग निवृत्त झाले. खोलीला खिडकी एकच. उरलेले आम्ही चौघं ट्यूबखाली बसतो. (माझ्या डोक्यावरची ट्यूब मिचकते. मालक म्हणतात, सवय होईल. ट्यूबला की मला, ते सांगत नाहीत.) ते टेबल चौघांनाही हवं होतं. इस्त्रीवाल्याला वारा हवा होता. कॉलरवाल्या काकांना (ते तीस वर्षं फक्त कॉलर शिवतात, उरलेल्या शर्टाशी त्यांचा संबंध नाही) आपलं कुठलं गिऱ्हाईक समोरच्या दुकानात शिरतं ते बघायचं होतं. काजं-बटणं करणाऱ्या काजवाल्या बाई म्हणाल्या, माझं काम सगळ्यांत बारीक, उजेड मला द्या. मीही उजेडच म्हटलं. कापणाऱ्याला उजेड लागतो, त्यात समजावण्यासारखं काही नाही. मालक म्हणाले, आपसात मिटवा, आवाज नको. इस्त्रीवाला म्हणाला, पोकर. प्रत्येकाला शर्टाची चाळीस बटणं, जेवणाच्या सुट्टीत रोज चार डाव, बारा दिवस. शेवटी ज्याच्याकडे जास्त बटणं, त्याचं टेबल. हातात दोन पानं, मधे सगळ्यांची मिळून पाच, त्यांतून चांगली पाच निवडायची. (हे तुम्हाला सांगायची गरज नाही. पण इथे काही वेगळंच खेळतात अशी शंका तुम्ही काढाल, म्हणून लिहिलं.)

मी तुम्हाला विचारलं होतं, की एक्का आणि त्याच रंगाचं एखादं बारकं पान आलं तर काय करावं. मला नेहमी तेच येतं. राजा-राणी दुसऱ्यांकडे जातात. जहाजावर अठरा वर्षं पोकर खेळलेल्या माणसाचं उत्तर मला पाठ आहे. असा एक्का रुबाबदार दिसतो, पण त्याच्या सोबतीला दम नसतो. मधे दुसरा एक्का उघडला म्हणून हुरळू नकोस. कुणाकडे एक्का आणि राणी असली तर तुझ्या जोडीला कुणी विचारणार नाही. अशा पानांची खरी किंमत एवढीच, की एका रंगाची पाच पानं जमली तर त्या रंगात तुझ्यावर कुणी नाही. म्हणून आधी बोलायचं असेल तर टाक. कुणी बोली वाढवली असेल तर मुकाट टाक. शेवटी बोलायची पाळी तुझी, बरेच जण स्वस्तात आत आलेले, बोली कुणी वाढवलेली नाही, तरच खेळ. आणि मग डगमगू नकोस.

चार डाव, चार माणसं, म्हणजे शेवटची पाळी प्रत्येकाला दिवसातून एकदा. अकरा दिवस असं झालं, की माझी ती पाळी आली की कुणीतरी बोली वाढवायचं. कॉलरवाले काका एक बटण पुढे करतानाही चेहरा पाडतात, तेसुद्धा वाढवायचे. मी मुकाट टाकायचो. (मुकाट हा शब्द तुमचा. मी घरातसुद्धा इतका मुकाट नसतो.) एकदा हातात दोन राजे होते, तेही टाकले. सल्ला त्या पानांसाठी नव्हता हे नंतर लक्षात आलं. तरी बाकीच्या डावांत कमावून मी बाईंच्या खालोखाल टिकून होतो. एक मोठा डाव आणि टेबल माझं, इथवर आलं होतं.

बाराव्या दिवशी शेवटचा डाव, शेवटची पाळी माझी. पानं उचलली. बदाम एक्का, बदाम पंजी. तिघंही आत आले आणि बोली कुणीही वाढवली नाही. मामा, मला तुमची आठवण झाली. मधे बदामाचा राजा, बदामाची सत्ती आणि किलवरची नव्वी उघडली. मग इस्पिकची दुर्री. मग बदामाची तिर्री. मी डगमगलो नाही. सगळी बटणं पुढे ढकलली. इस्त्रीवाल्याने पानं टाकली. काकांनी टाकली. बाईंनी ओठांतली सुई काढून पदराला टोचली आणि तेवढीच बटणं पुढे केली. मी पानं उघडून म्हटलं, पाच बदाम, डोक्यावर एक्का. बाईंनी त्यांची उघडली. बदाम पंजी, बदाम चव्वी. मी म्हटलं, या कॅटमध्ये दोन बदाम पंज्या आहेत, डाव रद्द. काकांनी माझी पंजी उचलली, उलटसुलट बघितली आणि म्हणाले, "अहो, ही चौकट आहे."

मी पंजी परत घेऊन दोन क्षण ट्यूबखाली धरली. मग म्हटलं, लाल आहे ना? मामांचे शब्द आहेत, एकाच रंगाची. बदाम लाल, चौकट लाल. चिन्हांचं त्यांनी काही लिहिलेलं नाही. शिवणखोलीत रंगावरून बोलायला नको होतं. बाई उठल्या, रिळांचं कपाट उघडलं आणि लाल धाग्याची अकरा रिळं माझ्यापुढे ओळीने मांडली. "यातलं लाल कुठलं ते दाखवा. उद्या डाळिंबी शर्टाला विटकरी धागा लावते, आणि गिऱ्हाईक बोंबललं की पाठवते तुमच्या मामांकडे." इस्त्रीवाला म्हणाला, मामांना मधे आणू नका, ते इस्पिक आणि किलवरचं लग्न लावून मोकळे होतील. काकांनी मात्र विचार केला आणि सांगितलं, लालच धरायचं असेल तर हा जिंकतो. पण तेवढ्यात सुट्टी संपली.

तेव्हा विनंती अशी, की रंग म्हणजे लाल किंवा काळा, असं चार ओळींत सहीनिशी लिहून पाठवावं. जहाजावरच्या माणसाचं इथे ऐकतील. टेबल सोमवारी बाईंच्या ताब्यात जाईल, कागद त्याआधी यावा. मामींना नमस्कार, गुडघ्याला सबुरी.

तुमचा,
कापणारा भाचा

ता. क. आज सोमवार. पत्र पेटीत टाकायचं राहिलं, ते बरं झालं. सहीचा कागद पाठवू नका. रंगाचं सगळं मी त्या दोन क्षणांत जुळवलं. बदाम कुठलं आणि चौकट कुठली हे तुम्ही मला सहाव्या वर्षी शिकवलंत, ते मी विसरलेलो नाही. मला ती पंजी बदामाचीच दिसली. चार महिने झाले, जवळचं नीट दिसत नाही. खडूची एक रेघ मारतो, तिच्या दोन होतात, मी मधून कापतो. टेबल त्यासाठी हवं होतं. मालकांना कळलं तर ते माझ्या हातातली कात्री काढून घेतील.

ता. क. २. बाई त्यांच्या जागेवरून हलल्याच नाहीत. मी विचारलं, तर म्हणाल्या, "तुम्ही बसा तिथे. आणि आधी डोळे तपासून घ्या. चार महिने तुमच्या वाकड्या बटणपट्ट्या मी सरळ करतेय. मालकांना दिसू नये म्हणून डबा खाता खाता करते." मी म्हटलं, तसं नाही, रंगाचा मूळ प्रश्न असा आहे. त्या म्हणाल्या, "रंगाचं राहू द्या हो." मी खिडकीखाली बसलो आहे. इथे रेघा दोनच दिसतात, पण स्वच्छ दिसतात.

ता. क. ३. खरी विनंती ही. चष्म्याचं घरी तुम्ही कळवा. तुमच्या भाचेसुनेला चष्मा लागला तेव्हा मी आठवडाभर काय काय बोललो, ते तुम्ही इथेच होता म्हणून ऐकलंय. आपल्या घराण्यात पुरुषांना या वयात लागतोच, असं काहीतरी लिहा. आणि पत्र मोठ्या अक्षरात लिहा. मागचं, सल्ल्याचं, मला लागलं नाही. घरी वाचायला देण्याची सोय नव्हती, म्हणून चहाच्या वेळी इस्त्रीवाल्याकडून वाचून घेतलं. त्याचा आवाज खणखणीत आहे. बाकीचे दोघंही चहालाच होते.