सहीच्या अलीकडे

३ मार्च

चि. धाकटोबास,
अनेक आशीर्वाद.

शाळेतून निवृत्त झाल्यावर ताई स्वस्थ बसेल असं वाटलं होतं ना? आता मी अणुबॉम्ब बंद करा म्हणून दारोदार सह्या मागत फिरते. चाळीस घरं झाली, सह्या तीन. त्यातली एक माझीच. आकडे सांगितले की सगळे माना डोलावतात, आणि पेन पुढे केलं की नेमकं गॅसवर दूध असतं. असं का, ते काही केल्या कळत नाही. तू तर ते बनवणाऱ्या कारखान्यातलाच कामगार. तुमच्यात काय बोलतात रे? सोबत सह्यांचा एक कागद धाडतेय. रागावू नकोस.

तुझी ताई

११ मार्च

ति. ताईस,
सा. न.

तीन सह्यांबद्दल अभिनंदन! तू अजून वर्गातच आहेस. प्रश्न विचारायच्या आधीच फळ्यावर उत्तर लिहून मोकळी होतेस. आमच्यात कुणी ‘बॉम्ब’ म्हणत नाही, ‘माल’ म्हणतात. मी लेथवर एक कडी कातून देतो, केसाचाही फरक चालत नाही. तुझा कागद कारखान्यात जेवणाच्या टेबलावर ठेवला. सही कुणी केली नाही, पण फेकलाही नाही. शेजारच्या वेल्डरने मात्र विचारलं, की ही कडी नेमकी बसते कुठे. बावीस वर्षांत मी ते कुणाला विचारलंच नव्हतं. सही मी करणार नाही, नोकरी आहे. पण तेव्हापासून प्रत्येक कडी हातात उलटीपालटी करून बघतो.

लोभ असू दे, उपदेश नको.
धाकटा

१९ मार्च

चि. धाकटोबास,
आशीर्वाद.

तुझं ऐकलं. आकडे घरीच ठेवले आणि पावाच्या दुकानातल्या बाईंना नुसतं विचारलं, की तुम्हाला काय वाटतं. तासभर बोलल्या! आपण बॉम्ब मोडून टाकले आणि समोरच्याने नाही मोडले तर, ही त्यांची भीती. त्याचं उत्तर माझ्या आकड्यांत नाही, तसं सांगितलं. सही नाहीच केली. उलट शेजारच्या सहाजणींना हाक मारून बसवलं. त्यांना कुतूहल, की हे बनवणारी माणसं असतात तरी कशी. म्हटलं, माझा भाऊच आहे. रविवारी दुकानामागच्या खोलीत येशील? नाही आलास तरी माया तेवढीच.

ताई

२४ मार्च

ति. ताईस,
सा. न.

येतो. साहेबांच्या कानावर गेलं तर जाऊ दे. जेवढं माहीत नाही, तेवढं माहीत नाही म्हणून सांगेन. तुझं पत्र तुझ्या भावजयीला वाचून दाखवलं. तिने ते पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग म्हणाली, की तीही येणार, आणि त्या बायकांना जरा थांबायला सांगा; बावीस वर्षं डबा तिने भरून दिलाय, तेव्हा पहिला प्रश्न तिचा.

आम्हा दोघांवर लोभ ठेव, रविवारी लागेल.
धाकटा