फळ्याचा वरचा अर्धा भाग रिकामा ठेवल्याबद्दल खुलासा

प्रति,
मा. जिल्हा शिक्षणाधिकारी (माध्यमिक),
म्बुयुनी जिल्हा.

विषय : तपासणी अहवालातील 'आळस' हा शब्द बदलून मिळणेबाबत व तीन दिवसांच्या रजेबाबत.
संदर्भ : आपली कारणे दाखवा नोटीस, दि. ३ मार्च.

महोदया,

किन्योंगा माध्यमिक शाळेत मी नऊ वर्षांपासून गणित शिकवतो. निरीक्षक महोदयांनी अहवालात लिहिले आहे की, 'सदर शिक्षक फळ्याचा वरचा अर्धा भाग कधीच वापरत नाहीत. हात वर करण्याचाही आळस.' त्यावरून माझी बढती का रोखू नये, असे आपण विचारले आहे. निरीक्षकांनी पाहिले ते खरे आहे. कारण मात्र आळस नाही. माझ्या काखांना फार घाम येतो. हे एक वाक्य लिहिण्यासाठी मी चार कागद फाडले. आपण स्त्री अधिकारी असल्याने अधिकच संकोच होतो.

समुद्रकाठी घाम सगळ्यांनाच येतो, असे आपण म्हणाल. परंतु माझे गाव रुंग्वेच्या थंड डोंगरात आहे. तिथे जुलैत लोक कांबळी पांघरून बसत आणि पंधरा वर्षांचा मी सदऱ्यात भिजलेला असे. माझे वडील कधी कोट काढत नसत. का, ते आता उमगते.

इथे आल्यावर पहिल्याच वर्षी फळ्यावर त्रिकोण काढताना मागून आवाज आला, "डावीकडे झांझिबार, उजवीकडे पेंबा. म्वालिमूंचा आज भूगोलाचा तास आहे." सदऱ्यावरचे काखेतले ओले डाग म्हणजे ती दोन बेटे. वर्ग आपल्या शिक्षकाला हसला. मीही हसलो. त्या दिवसापासून माझा हात खांद्याच्या वर गेला नाही. दिवसातून दोनदा अंघोळ, काखेत घडी केलेले रुमाल, सुगंधी फवारे असे सगळे करून पाहिले. वास झाकला जाई, घाम थांबत नसे.

याची झळ इतरांना बसली, हे कबूल करणे भाग आहे. खालच्या अर्ध्या फळ्यावर लिहिलेले मागच्या बाकांना दिसत नाही. हदीजा सलूम ही हुशार मुलगी गेल्या वर्षी गणितात नापास झाली. मी तिला रागावलो तेव्हा ती म्हणाली, "म्वालिमू, मला समोरच्यांची डोकीच दिसतात." मी तिला पुढे बसवले. फळ्यावरचे लिखाण मात्र वर नेले नाही.

याहून वाईट म्हणजे, दोन वर्षांपूर्वी आई वारली तेव्हा मी शवपेटीला खांदा दिला नाही. पांढरा सदरा होता, सगळे गाव जमले होते, आणि पेटी धरायला हात वर करावा लागला असता. थोरला भाऊ अन्योसिस्ये सर्वांसमोर म्हणाला, "आईचं ओझं झालं तुला?" मी पाठ दुखते म्हणून सांगितले. त्यानंतर तो माझ्याशी बोललेला नाही.

आपली नोटीस आल्यावर मी दवाखान्यात गेलो. तेथील वैद्यकीय अधिकारी बिबी मतोला यांनी विचारले, "झोपेत घाम येतो? ताप? वजन उतरलंय? एकाच बाजूला येतो?" मी सगळ्याला नाही म्हणालो. "मग आत दुसरा आजार असावा असं दिसत नाही. काहींच्या घामग्रंथी गरज नसताना काम करतात, घराण्यातही असतं. पण त्यापायी माणूस काम टाळायला लागला, की उपचार घ्यायचे. किती वर्षं झाली?"

"एकोणीस."

"आणि आज आलात?"

"तुम्ही म्हणाल, नीट अंघोळ करत नाही."

त्या हसल्या नाहीत. घाम रोखणारी, ॲल्युमिनियमच्या क्षाराची बाटली दिली. झोपताना कोरड्या काखेत लावायची. याने भागले नाही तर मोठ्या रुग्णालयात इतर उपाय आहेत, असेही सांगितले. दहा दिवसांत उजवी बाजू बरीच कोरडी झाली आहे. डावी अजून ऐकत नाही. गेल्या सोमवारी मी फळ्याच्या अगदी वरून उदाहरण सुरू केले. सदरा थोडा भिजलाच. कोणी तरी खुसखुसले. मी उदाहरण पूर्ण केले.

तरी माझी विनंती अशी की, शेरा रद्द करू नये, कारण मुलांचे नुकसान झाले आहे. फक्त 'आळस' खोडून तेथे 'लाज' असे लिहावे. बढतीबाबत आपण ठरवाल ते मान्य आहे. हा कागद कारकुनांच्या हाती न देता आपल्याजवळच ठेवता आला तर उपकार होतील. न जमल्यास माझी तक्रार नाही.

तसेच २४ ते २६ मार्च अशी तीन दिवसांची रजा मंजूर व्हावी. कारण : भावाला भेटणे. त्याला पत्राने कळवता आले असते. परंतु आपणास हे लिहून झाल्यावर ध्यानात आले की, आधी त्याला सांगायला हवे होते, आणि तेही समोर बसून.

आपला नम्र,
अंबोकिले म्वाकासेगे
सहशिक्षक (गणित), किन्योंगा माध्यमिक शाळा
दि. १४ मार्च

सोबत : १. दवाखान्याचा दाखला. २. नोटिशीची प्रत.